लुकलुकणारा मूतखडा

मूतखड्याची शंका आली की सोनोग्राफी होते. पण लहान खडे, विशेषतः मूत्रवाहिनीतले, तिच्या नजरेतून अनेकदा निसटतात. सीटी स्कॅन ते अचूक टिपतो, मात्र क्ष-किरणांचा तो मारा गर्भवतींना आणि वारंवार खडे होणाऱ्यांना शक्यतो टाळावा लागतो. यावरचा एक उपाय खड्याच्याच खोडीत दडला आहे. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या कलर डॉप्लरमध्ये हा निश्चल खडा चक्क लाल-निळा लुकलुकतो! त्याचे वर्णन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. खडबडीत पृष्ठभागात अडकलेले सूक्ष्म बुडबुडे याच्या मुळाशी असल्याचा पुरावा सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. भोवतालचा दाब वाढवताच ही लुकलुक मावळली. अर्थात, प्रत्येक खडा लुकलुकत नाही. त्यामुळे खड्यामागे पडणारी काळी सावली शोधण्याचे डॉक्टरांचे जुने काम सुटलेले नाही.