तळव्यावरील व्रण आणि पुनर्रचना शस्त्रक्रिया

डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून खाली आणले. बहुविध औषधोपचाराने रोगजंतू नष्ट होतात. परंतु फार काळ निकामी राहिलेले मज्जातंतू सहसा पूर्ववत होत नाहीत. तळवा बधिर असल्याने खडा टोचल्याचे कळत नाही. रुग्ण त्याच पायावर चालत राहतो आणि किरकोळ जखम हाडापर्यंत पोहोचते.

अशा अनेक जखमा पायावरील भार काढून प्लास्टर घातल्यास शस्त्रक्रियेविना भरून येतात. पण रोजंदारीवर जगणाऱ्याने कित्येक आठवडे घरी बसावे तरी कसे? व्रण जुनाट होतो, मृत हाड काढावे लागते आणि पुनर्रचनेचा प्रश्न उभा राहतो.

टाचेची त्वचा जाड असून तंतूंनी हाडाशी घट्ट बांधलेली असते. मांडीवरून घेतलेली पातळ त्वचा तेथे शरीराच्या भाराखाली सहसा टिकत नाही. म्हणून पायाच्या कमानीतील, म्हणजे भार न पडणाऱ्या भागातील, जाड त्वचा रक्तवाहिन्यांसह टाचेवर वळविण्यात येते. कमानीच्या रिकाम्या जागी मात्र मांडीची त्वचा पुरते.

बधिरता तथापि कायम राहते. बोटे झडण्यामागे रोगापेक्षा बधिर अवयवाला वारंवार होणारी इजा असते, हे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल, पाय पाण्यात भिजवून तेल लावणे आणि तळव्याची रोज डोळ्यांनी तपासणी आवश्यक ठरते. चपलेचा तळ झिजल्यावर दुसरा जोड वेळेत न मिळाल्यास व्रण पुन्हा त्याच जागी उघडू शकतो.