चणे आहेत, हिरड्या सांभाळा!

चूळ भरताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं की आपण ब्रशवर खापर फोडतो. खरं तर बोलत असते हिरडी. तिच्या या काही गोष्टी, चणे-दाणे खाता खाता वाचण्याजोग्या.

तोंडात माणसांहून जास्त वस्ती!
डेल्फ्ट शहरातला कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला. त्यात जीव वळवळत होते. आपल्या देशात माणसं नसतील इतके जीव आपल्या तोंडात आहेत, असं त्याने लिहून ठेवलं.

ब्रशला सुट्टी, हिरडीला सूज
१९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो यांनी १२ निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासायला बंदी केली. तो पांढरा थर साचत गेला आणि १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झालं आणि आठवडाभरात सूज ओसरली. म्हणजे सुरुवातीचा आजार पूर्ण बरा होतो.

हिममानवालाही पायोरिया
आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला ओत्झी नावाचा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या दातांभोवतीचं हाडही हिरड्यांच्या आजाराने झिजलं होतं.

दुखत नाही, हीच गोम
पांढरा थर साचून घट्ट झाला की त्याचं कीटण होतं. ते कुठल्याही ब्रशने निघत नाही. मग हिरडी दातापासून सुटते, खाली फट पडते आणि हाड झिजू लागतं. हे सगळं बहुतेकदा मुकाट्याने चालतं. एकदा गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

मिश्रीची फसवणूक
मिश्री लावली की तोंड स्वच्छ वाटतं, पण ती भाजलेली तंबाखूच. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून तर रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार लपून राहतो.

साखरेशी साटंलोटं
मधुमेह आटोक्यात नसला की हिरड्या बिघडतात. आणि बिघडलेल्या हिरड्या रक्तातली साखर आटोक्यात ठेवणं अवघड करतात.

‘दात साफ केले की हलतात’
साफ खोटं! हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने ते फक्त झाकलेलं असतं. दंतवैद्य कीटण काढतात, गरज पडली तर हिरडीखाली मुळापर्यंत सफाई करतात आणि आजार फार वाढला असेल तर शस्त्रक्रिया. मिठाच्या गुळण्यांनी आराम पडतो, कीटण जात नाही.

घरचा मंत्र
मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरायचा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. दातांच्या फटींत दोरा किंवा बारीक ब्रश.

आणि रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नका. नीट घासूनही दोन आठवड्यांत ते थांबलं नाही, तर थेट दंतवैद्य गाठा.