शिष्यवृत्ती घेतली, आता आभार कसे मानायचे?

एम.एस्सी. किंवा पीएच.डी.चे वर्ष संपत आले की विभागाच्या कार्यालयातून विद्यार्थ्याच्या हाती एक चिठ्ठी येते : 'शिष्यवृत्ती देणाऱ्या देणगीदारांना लिहिलेले आभाराचे पत्र आठ दिवसांत आणून द्यावे.' जो विद्यार्थी दीडशे पानांचा प्रबंध लिहून काढतो, त्याचीच लेखणी या एका पानापाशी अडते. मग गेल्या वर्षीच्या कुणाचे तरी पत्र मिळवायचे, नाव-गाव बदलायचे आणि खाली सही ठोकायची. 'आपल्या ऋणातून मी जन्मोजन्मी उतराई होऊ शकणार नाही' हे वाक्य त्यात हमखास असते. विश्वस्त मंडळाच्या फायलीत अशी वीस पत्रे एकाखाली एक लागतात आणि त्यातले एकही कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

अडचण भाषेची नसते, मनातल्या अढीची असते. शिक्षणासाठी दुसऱ्याची मदत घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पुण्यासारख्या शहरांत गरीब मुले माधुकरी मागत, नाहीतर वार लावून जेवत : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. (ही सोयसुद्धा सगळ्या जातींच्या मुलांसाठी नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवे.) प्रेमाने आग्रह करणाऱ्या गृहिणी जशा असत, तसे घास मोजणारेही असत. तेव्हापासून 'घेतले म्हणजे मिंधे झालो' ही समजूत घराघरांत रुजली आहे. मग मिंधेपणा नको म्हणून कुणी पत्रच लिहीत नाही, तर कुणी पहिल्याच ओळीत लोटांगण घालतो.

लोटांगण न घालताही मनापासून आभार मानता येतात. त्याचा एक नमुना एका संशोधक विद्यार्थ्यानेच घालून दिला आहे.

बडोद्याचा विद्यार्थी

भीमराव आंबेडकर इंटर झाले तेव्हा वडिलांची पुढे शिकवण्याची ऐपत उरली नव्हती. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांनी त्यांची गाठ महाराजा सयाजीराव गायकवाडांशी घालून दिली आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1912 मध्ये ते बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानने त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारही त्यांनी लिहून दिला होता.

1917 मध्ये ते तो करार पाळायला बडोद्याला गेले. तिथे काय घडले ते त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. परदेशात शिकून आलेल्या या तरुणाला गावात कुणी राहायला जागा देईना. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढले गेले. कचेरीतला अनुभवही काही वेगळा नव्हता. शिपाई कागद हातात न देता लांबून टाकत. बडोदा सोडून ते मुंबईला परतले.

एवढे झाल्यावर बडोद्याचे नावही घेऊ नये असे कुणाला वाटले असते, तर त्यात नवल नव्हते. पण 1925 मध्ये त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना याच कामावर मिळाली. तो ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला आहे. आपल्या शिक्षणाच्या बाबतीत महाराजांनी जे साहाय्य केले त्याबद्दलची ही कृतज्ञता, एवढाच त्याचा आशय. स्तुतिस्तोत्र नाही आणि स्वतःच्या गरिबीचे वर्णनही नाही. जे मिळाले ते आणि तेवढेच, नाव घेऊन सांगितले आहे. बडोद्यात झालेला अपमान त्यांनी या पानावर आणला नाही. तो अन्यत्र परखडपणे लिहिला, लपवला मात्र नाही. देणाऱ्याचे आभार मानले म्हणून त्याच्या गावातल्या अन्यायाबद्दल गप्प बसलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

पत्रात लिहावे तरी काय?

शिष्यवृत्ती ज्यांच्या नावाने असते ती व्यक्ती बहुधा हयात नसते. निवृत्त शिक्षकाने पत्नीच्या स्मरणार्थ फंडाच्या पैशांतून ठेव ठेवलेली असते, तर कुठे आईवडिलांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने. ती व्यक्ती कोण होती, काय करायची, हे कार्यालयात एकदा विचारून घ्यावे. 'कै. अमुक या वनस्पतिशास्त्र शिकवत असत असे समजले. माझा विषयही तोच आहे' एवढे एक वाक्य त्या वीस पत्रांपेक्षा मोलाचे ठरते.

पैशांचे काय झाले हेही स्पष्ट लिहावे. खाणावळीचे बिल, खेड्यापाड्यांतल्या पाहणीसाठी केलेला एस.टी.चा प्रवास, झेरॉक्स, प्रबंधाची बांधणी... यात लाजण्यासारखे काही नाही. देणाऱ्याला तेच तर हवे असते. संध्याकाळची शिकवणी सोडता आली आणि ते तास प्रयोगशाळेत घालवता आले, असे असेल तर तेही जरूर सांगावे. आपला विषय घरातल्या आजीला समजेल अशा चार ओळींत लिहावा. प्रयोग फसला असेल, तर फसला म्हणून लिहावे. घरच्या हालाखीचे वर्णन मात्र टाळावे. ते अर्जात एकदा झालेले असते आणि पुन्हा पुन्हा ते लिहायला लावणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे. पुढच्या वर्षाची मागणीही याच पत्रात करू नये, तिच्यासाठी वेगळा अर्ज असतो.

इथे देणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. मोठ्ठा पुठ्ठ्याचा धनादेश हातात देऊन व्यासपीठावर उभे करायचे, 'गरीब व होतकरू' असा पुकारा करायचा आणि फोटो काढायचे, हे प्रकार आता बंद व्हावेत. पंचवीस वर्षांच्या संशोधकाला तिथे जे वाटते, ते आभाराच्या पत्रात कधीच उतरत नाही.

परतफेडीची वाट

काही ठिकाणी तर आभाराची रीत नियमांतच बसवलेली आहे. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला, तो कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. घेतलेले पैसे मिळवता झाल्यावर परत करायचे आणि ते पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी यायचे. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे दोघेही याच शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले होते.

जिथे परतफेड मागितलेली नसते, तिथे निदान दुसरे पत्र तरी आपणहून पाठवावे. पहिले पत्र कार्यालय लिहवून घेते. प्रबंध मान्य झाल्यावर कुणी मागत नाही, आणि नेमकी त्याच वेळी देणाऱ्याला उत्सुकता असते. ऋणनिर्देशाच्या पानाची एक प्रत सोबत जोडावी. ज्या शिक्षकांनी शिफारस केली, अर्ज भरायला बसवले, त्या 'केळुस्करां'नाही एक प्रत द्यावी. पाठवण्यापूर्वी पत्ता मात्र तपासून घ्यावा. देणगीदार बहुतेक वयोवृद्ध असतात. ते हयात नसतील तर पत्र त्यांच्या मुलांच्या नावे धाडावे.