खो देणे आणि खो घालणे : युवकांच्या सांघिक खेळांचा मागोवा

तरुणांचा गट एकजीव व्हावा म्हणून मुद्दाम आखलेल्या खेळांना आज ‘टीम बिल्डिंग’ म्हटले जाते. परंतु हे नाव रूढ होण्याच्या बऱ्याच आधीपासून महाराष्ट्रातील व्यायामशाळा, बालवीर पथके आणि सेवादलाच्या शाखा हे काम करीत आल्या होत्या, आणि त्यांच्या लेखी खेळ हा वेगळा काढलेला उपक्रम नसून नित्यक्रमाचाच भाग होता.

या इतिहासात 1914 हे वर्ष महत्त्वाचे आहे, कारण त्या साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले गेले. मधल्या पाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो; मात्र त्याला पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खुंटाला वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही. परिणामी कितीही चपळ मुलगा एकट्याच्या बळावर गडी बाद करू शकत नाही; कोण कोणत्या बाजूला तोंड करून बसला आहे याचे भान ठेवून, योग्य क्षणी पाठीवर थाप देत त्याला ‘खो’ द्यावाच लागतो. बोलीत ‘खो घालणे’ म्हणजे आडकाठी करणे, खेळात मात्र ‘खो देणे’ म्हणजे आपली संधी दुसऱ्याच्या हाती सोपवणे, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. सहकार्याचा उपदेश न करता ते नियमातच गुंफण्याची ही युक्ती नंतरच्या अनेक आयात खेळांहून सरस ठरते.

हुतुतूच्या संजीवनी, गामिनी आणि अमर या तीन प्रकारांपैकी संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. आजच्या कबड्डीने हेच तत्त्व स्वीकारले असून, त्यामुळे दुबळा खेळाडू कायमचा बाहेर बसत नाही.

इंग्लंडमध्ये 1907 साली ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी निरनिराळ्या सामाजिक थरांतील मुलांचे चार संघ करून शिबिर भरवले, आणि आपल्यातल्याच नायकाच्या हाताखाली वावरणारा छोटा संघ हे बालवीर चळवळीचे मूळ एकक ठरले. तिच्यातला ‘किमचा खेळ’, म्हणजे तबकातील वस्तू क्षणभर पाहून, त्या झाकल्यावर आठवून सांगण्याचा खेळ, किपलिंगच्या 1901 च्या कादंबरीवरून आला. मुंबईत जन्मलेल्या लेखकाच्या, भारतात घडणाऱ्या कथेतला हा खेळ विलायतेमार्गे भारतीय पथकांत परतला. तो एकट्याने खेळला तर स्मरणाची परीक्षा होते, आणि संघाने मिळून यादी केली तर प्रत्येकाची नजर कुठे जाते हे इतरांना कळते.

1941 साली पुण्यात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. शाखेवरील खेळ, समूहगीते, शिबिरे आणि पुढे कलापथक यांतून समतेचा विचार कृतीत आणण्याचा तेथे प्रयत्न होता. कलापथकात तर गाणारा, नाचणारा, ढोलकी वाजवणारा आणि पडदा ओढणारा असे सगळेच लागत असल्याने, निव्वळ चपळ नसलेल्यालाही जागा मिळे. त्याच वर्षी वेल्समधील अबरडोवी येथे कुर्ट हान यांच्या कल्पनेतून ‘आउटवर्ड बाउंड’ची शाळा सुरू झाली, जिच्या परंपरेतून साहस-प्रशिक्षणाला बळ मिळाले आणि पुढे नोकरदारांच्या प्रशिक्षणातही असे उपक्रम शिरले. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने सात दिवसांच्या ग्रामशिबिरात श्रमदान केंद्रस्थानी ठेवले. बांधासाठी दगड हातोहात पोचवणारी रांग हा खेळ नव्हता, पण तिचा गुण तोच होता.

‘टीम बिल्डिंग’च्या नव्या पद्धतीने एक मोलाची भर घातली, ती म्हणजे खेळानंतर गोल करून बसून काय घडले यावर बोलणे; जुन्या शाखांत हे क्वचितच जाणीवपूर्वक होत असे. उलट, नियम पक्के होताना खो-खो निवडक गड्यांचा झाला आणि उरलेला गट प्रेक्षक बनला, ही हानी युवक-संघटनांनी पुरेशी ओळखली नाही. 2022 साली पुण्यात बालेवाडीला सुरू झालेल्या ‘अल्टिमेट खो-खो’मध्ये तर मैदानावर सातच गडी उतरू लागले, आणि त्यांतील ‘वजीर’ म्हणून नेमलेल्या गड्याला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा मिळाली.