लोणंदच्या लिलावातून लिस्बनला

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याच्या ढिगापुढे बोली चढत जाते, तेव्हा तिथे किमान तीन पोर्तुगीज शब्द वावरत असतात. ‘लिलाव’ हा त्यांचा ‘लेइलांव’. कांदा भरायचं घमेलं म्हणजे त्यांचं ‘गामेला’, लाकडी काथवट. आणि अडतीवरच्या दिवाणजीला महिन्याला मिळतो तो ‘पगार’, ज्याचा त्यांच्या भाषेत अर्थ ‘पैसे चुकते करणे’. कांदा मात्र आपला आहे.

हे शब्द जिथून आले, त्या लिस्बनला सहलीला जायचं ठरवलं तर आधी अंतराचा अंदाज यायला हवा. लोणंदपासून लिस्बन सरळ रेषेत सुमारे ८,२०० किलोमीटर आहे. हा आकडा नुसता वाचून काहीच कळत नाही. आपल्या गावाला चालण्याचं माप ठाऊक आहे. माउलींची पालखी आळंदीहून निघते, नीरास्नान उरकून लोणंदला मुक्काम करते आणि अठरा-वीस दिवसांत पंढरपूर गाठते. वाट सुमारे २५० किलोमीटरची. म्हणजे दिवसाला सरासरी तेरा किलोमीटर. याच चालीने लिस्बनला जायचं, तर ६३० दिवस लागतील. पावणेदोन वर्षं रोज चाल आणि रोज मुक्काम.

वास्को द गामा उलट्या दिशेने आला, आणि त्याची वाट सरळ नव्हतीच. आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून तो आला. ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजं आणि सुमारे १७० माणसं घेऊन त्याने लिस्बन सोडलं आणि २० मे १४९८ रोजी तो कालिकतजवळ पोचला. ३१६ दिवस झाले होते. यातला एक हिशेब मला सगळ्यात थक्क करणारा वाटतो. आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून आपल्या किनाऱ्यापर्यंतचा समुद्र त्याने साडेतीन आठवड्यांत पार केला. परतताना तोच समुद्र ओलांडायला त्याला १३२ दिवस लागले. कारण एकच, वारा. येताना नैऋत्येचा मोसमी वारा पाठीशी होता. जाताना तो धीर न धरता ऑगस्टअखेरच निघाला आणि वारा तोंडावर आला. ज्या वाऱ्याकडे आमचा खंडाळा तालुका दरवर्षी डोळे लावून बसतो, त्याच वाऱ्याने त्याची माणसं मारली. ताजं अन्न संपलं, हिरड्या सुजल्या, खलाशी एकेक करून गेले. चारांपैकी दोन जहाजं परतली. १७० पैकी जिवंत घरी पोचले ते साधारण ५५.

आज विमान बदलून, वाटेतला थांबा धरून, लोणंदच्या दारापासून लिस्बनच्या हॉटेलापर्यंत एक दिवस पुरे होतो.

देश केवढा म्हणाल, तर पोर्तुगालचं क्षेत्रफळ सुमारे ९२,००० चौरस किलोमीटर आहे. आपला सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा. म्हणजे पुरते नऊ सातारेही त्यात बसत नाहीत. महाराष्ट्रात आख्खा पोर्तुगाल तीनदा मावून वर जागा उरते. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी पुढे. २०११ च्या जनगणनेत एकट्या सातारा जिल्ह्यात ३० लाख माणसं होती, म्हणजे त्या देशात साडेतीन साताऱ्यांएवढी माणसं राहतात. आणि एवढ्याशा देशाने स्वतःच्या ९२ पट मोठ्या ब्राझीलवर राज्य केलं. आज जगात पोर्तुगीज बोलणारे २५ कोटींहून जास्त आहेत. त्यातले पोर्तुगालमध्ये राहणारे शंभरात चार.

सहल आखताना देशाच्या या लहान आकाराचा फार फायदा होतो. लिस्बन शहर १०० चौरस किलोमीटरचं, तर पोर्तो त्याच्या निम्म्याहूनही लहान. दोन्ही शहरं पायी फिरता येतात, फक्त चढ-उताराची तयारी हवी. एकातून दुसऱ्यात जायला रेल्वेने तीन तासांच्या आसपास लागतात. लिस्बनला चार दिवस, सिंत्राच्या राजवाड्यांना एक, पोर्तोला तीन, असा आठ दिवसांचा बेत मी करीन. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो आकडा बघून घाबरू नका, ती विम्याच्या संरक्षणाची रक्कम आहे, हप्ता तिच्या मानाने फारच थोडा असतो.

लिस्बनच्या बेलेंम भागात जेरोनिमोसचा मठ आहे. बांधकाम १५०१ च्या सुमारास सुरू झालं आणि शंभर वर्षं चाललं. पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या मालावरच्या पाच टक्के करातून. वर्षाला सुमारे ७० किलो सोन्याएवढा तो कर होता. त्या मालाने तो चुनखडीचा दगड कोरला आहे, हे मनात ठेवून तिथल्या खांबांकडे बघा. गामाची समाधीही तिथेच आहे. तो वारला मात्र कोचीला, १५२४ मध्ये.

मठापासून चार पावलांवर १८३७ पासून चालणारं एक दुकान आहे. तिथे अंड्याच्या बलकाची, खरपूस भाजलेली छोटी गोड कपं मिळतात. दिवसाला सुमारे २०,००० कपं खपतात असं सांगतात. पोर्तोच्या साओ बेंतो स्थानकाच्या भिंतींवर निळ्या चित्रांच्या सुमारे २०,००० फरशा आहेत. गाडी चुकली तरी चालेल, पण त्या नीट बघा. शेजारच्या क्लेरिगोस मनोऱ्यावर सव्वादोनशे पायऱ्या चढून गेलं की सगळं शहर पायाशी येतं.

लिस्बनजवळ तेजो नदीवर गामाच्या नावाचा पूल आहे, जोडरस्त्यांसह १७ किलोमीटरचा. लोणंदहून फलटणकडे निघालात तर तरडगाव मागे टाकून अर्ध्याहून जास्त वाट संपेल, एवढा लांब. १९९८ मध्ये तो खुला झाला तेव्हा पुलावरच पंगत मांडून सुमारे पंधरा हजार लोकांना घेवड्याच्या दाण्यांचं आणि मांसाचं कालवण वाढलं होतं. वारीतल्या पंगती पाहिलेल्या आपल्या माणसाला त्या जेवणामागचे कष्ट सांगावे लागत नाहीत.

घरात माळकरी असतील तर आधीच विचार करून ठेवा. तिथे माणशी वर्षाला ५५ किलोंहून जास्त मासे खाल्ले जातात, आणि गोडातही अंडं असतं. ‘काल्दो वेर्द’ नावाचं हिरवं सूप मात्र मागा आणि सॉसेज घालू नका म्हणून बजावून सांगा. रस्साही मांसाचा नाही ना, तेही विचारा. त्यात बटाटा, कोबीच्या जातीची पालेभाजी आणि कांदा असतो. त्यांच्याकडेही बटाट्याला ‘बताता’च म्हणतात आणि त्या भाजीला ‘कोव’. आपली कोबी तिथूनच आली.

आता गोव्याचं. ज्यांना इतका खर्च झेपणार नाही, त्यांनी मन लहान करू नये. पोर्तुगीज शहर बघायला पोर्तुगालच लागतं असं नाही. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा आहे, सातारा जिल्ह्याच्या जवळजवळ एकतृतीयांश. तिथे पोर्तुगीज ४५१ वर्षं राहिले. १५१० साल म्हणजे शिवजन्माच्या १२० वर्षं आधी, आणि १९ डिसेंबर १९६१ म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यावर दीड वर्षाहून जास्त काळ लोटल्यानंतर. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल ७६ मीटर लांब आहे. १५६२ मध्ये सुरू झालेली मुख्य इमारत उभी राहायला १६१९ उजाडलं. भरभराटीच्या काळात त्या नगरात दोन लाख माणसं होती असा अंदाज आहे. रोगराईने ते ओस पडलं आणि आज तिथे चर्चच्या भोवती एक गाव उरलं आहे. पणजीच्या फोंताइन्यास भागात फिरा, आणि सात थरांची बेबिंका खा. एकेक थर वेगळा भाजावा लागतो. पहिला भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही, म्हणून तिला अर्धा दिवस जातो.

पण पोर्तुगीजांची एक भक्कम खूण लोणंदपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच आहे. ती आली वसईहून. वसई १५३४ पासून २०५ वर्षं त्यांच्या ताब्यात होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या. त्यांतली एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर टांगलेली आहे. पंचधातूची, ६५० किलो वजनाची. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि साल कोरलेलं आहे १७०७, औरंगजेब मेला ते साल.

लिस्बनचं तिकीट काढाल तेव्हा काढा. त्याआधी एका रविवारी मुलांना घेऊन मेणवलीला जाऊन या. सकाळी लवकर निघा, दुपारी घाटाचे दगड तापतात.