कुत्र्याच्या पिलाचें अन्न आणि खाऊ

ज्या घरांत मुलें आहेत त्या घरांत आज ना उद्यां कुत्र्याचें पिलूं यावयाचेंच. पावसाळा संपून थंडीस आरंभ झाला म्हणजे आपल्या गल्लीबोळांतून पिलें पुष्कळ दिसूं लागतात. त्यांपैकीं एखादें शाळेच्या वाटेवरून दप्तराबरोबर घरीं येतें. त्या दिवशीं घरांत मोठा उत्सव असतो. कोणी वाटीभर दूध आणतो, कोणी बिस्किट देतो, कोणी ताटांतील आमटीभात पुढें करतो. पिलूं सर्व कांहीं खातें. चार दिवसांत त्याला हगवण लागते, आठ दिवसांत तें मलूल होऊन कोपऱ्यांत पडतें, आणि कित्येक पिलें पंधरवडाही काढीत नाहींत. मुलें रडतात, व वडील माणसें म्हणतात, "त्याचें आयुष्य तेवढेंच होतें." यांपैकीं कांहीं पिलें रोगानें दगावतात हें खरें, तथापि कित्येकांच्या बाबतींत खाऊं घालणाऱ्या प्रेमळ हातांचाच दोष असतो. हा दोष अज्ञानाचा आहे, व अज्ञान दूर करतां येतें. म्हणून या विषयाची थोडी माहिती आपल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस द्यावी, असें मनांत आहे.

प्रथम पिलाचें वय पाहावें. पिलूं जन्मतें तेव्हां आंधळें व बहिरें असतें. दहा ते चौदा दिवसांनीं त्याचे डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दांत हिरडींतून वर येऊं लागतात, आणि त्यानंतर तें हळूहळू मऊ अन्न चाटूं लागतें. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत त्याचें अंगावरचें दूध पुरतें तुटतें. म्हणून आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं पिलास आईपासून तोडूं नये. आपल्या देशांत २०१७ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें आठ आठवड्यांहून लहान पिलें विकण्यास मनाई आहे, ती याच कारणासाठीं. पिलूं फार गोजिरवाणें दिसतें म्हणून तें उचलूं नये. त्याची आई जवळपास अन्न शोधण्यास गेली असण्याचा संभव असतो. थोडें दूर उभें राहून वाट पाहावी.

आई खरोखरच मेली असेल, तर मात्र पिलाची जबाबदारी घेणें पुण्याचें काम आहे. अशा वेळीं अन्नाच्या आधीं ऊब द्यावी. गारठलेल्या पिलाच्या पोटांत दूध गेलें तरी तें पचत नाहीं. त्यास फडक्यांत गुंडाळून, कोमट पाण्याची बाटली कापडांत लपेटून जवळ ठेवावी, आणि अंग उबदार झाल्यावरच दूध पाजावें. पाजतांना पिलास तान्ह्या मुलासारखें उताणें धरूं नये. तें पालथें, पोटावर असावें, जसें तें आईच्या कुशींत असतें. उताण्या पिलाच्या फुप्फुसांत दूध जातें व तें मरतें. पहिल्या दोन आठवड्यांत दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, पाजावें लागतें. एवढें जागरण घरांत कोण करणार, हें आधीं ठरवावें व मगच पिलूं घरीं आणावें.

आतां दुधाविषयीं. गाईचें दूध हें पिलाचें स्वाभाविक अन्न, असा आपला सार्वत्रिक समज आहे. पण कुत्रीच्या दुधांत शेंकडा सुमारें सात-आठ भाग प्रथिनें व नऊ भाग स्निग्धांश असतो. गाईच्या दुधांत हीं दोन्ही शेंकडा तीन-चार भागांच्या आसपास असतात. उलट गाईच्या दुधांत दुग्धशर्करा मात्र अधिक असते. म्हणजे जें पिलास हवें तें या दुधांत थोडें, आणि जें पचण्यास कठीण तें जास्त. त्यांतून दुग्धशर्करा पचविणारा पाचकरस पिलाचें दूध तुटल्यावर उत्तरोत्तर कमी होत जातो. न पचलेली शर्करा आंतड्यांत आंबते, पाणी ओढून घेते, आणि हगवण लागते. लहान पिलाच्या अंगांत पाण्याचा सांठा तो किती! एक-दोन दिवसांच्या हगवणीनें तें मरणास टेकतें. तेव्हां तान्ह्या पिलास कुत्र्यांसाठींच तयार केलेली दुधाची भुकटी पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावी. आठ आठवड्यांवरील पिलास दुधाची गरजच नाहीं. विरजणांत दुग्धशर्करा कांहींशी कमी झालेली असते, म्हणून चमचा-दोन चमचे ताजें, गोड दही बहुतेकांस सोसतें. पिण्यास मात्र स्वच्छ पाणी अष्टौप्रहर भरलेलें असावें.

दूध नको तर काय द्यावें? कुत्रा लांडग्याच्या कुळांतला, म्हणून त्यास केवळ मांसच घालावें असें कांहीं जण म्हणतात. आणि आपल्या खेड्यांतून तर तो पिढ्यानपिढ्या भाकरतुकड्यावर जगत आला आहे. दोन्ही गोष्टींत थोडथोडें तथ्य आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं असें दाखविलें कीं, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या रसाचें जें जनुक लांडग्यांत केवळ दोन प्रतींत असतें, त्याच्या कुत्र्यांत कितीतरी अधिक प्रती असतात. माणसाच्या संगतींत राहून कुत्रा भात-भाकरी पचवूं लागला आहे. परंतु पचणें वेगळें आणि पोसणें वेगळें. वाढत्या पिलास वजनाच्या मानानें मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट अन्न लागतें, व त्यांत प्रथिनें भरपूर असावीं लागतात. नुसत्या भाकरीवर पोट भरतें, पण स्नायू व हाडें भरत नाहींत.

याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. गेल्या शतकाच्या आरंभीं लहान मुलांचे पाय वांकडे करणारा मुडदूस हा रोग विलायतेंतील शहरांत घरोघर होता, पण त्याचें कारण नीट समजलें नव्हतें. लंडन येथील डॉक्टर एडवर्ड मेलनबी यांनीं कुत्र्यांचीं पिलें घरांत ठेवून त्यांना ओटची पेज, पाव असें पिष्टमय अन्न खाऊं घातलें. पिलांना मुडदूस झाला. तेंच अन्न, पण जोडीला कॉड माशाच्या यकृताचें तेल दिलें, तेव्हां रोग टळला. हे प्रयोग १९१९ सालीं प्रसिद्ध झाले. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंत मॅकॉलम यांनीं त्या तेलांतील गुणकारी द्रव्य निराळें ओळखून काढलें, तेंच आजचें ड जीवनसत्त्व. आपल्या मुलांचे पाय सरळ राहिले, त्यांत त्या मुक्या पिलांचाही वांटा आहे, हें विसरूं नये. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: माणसाच्या कातडींत सूर्यप्रकाशानें हें जीवनसत्त्व तयार होतें, कुत्र्याच्या कातडींत तें पुरेसें होत नाहीं. त्यास तें अन्नांतूनच मिळालें पाहिजे.

केवळ मांस घातलें तरी हाडें बिघडतातच, कारण मांसांत स्फुरद पुष्कळ व कॅल्शियम अत्यल्प असतें. या दोहोंचें प्रमाण पिलाच्या अन्नांत कॅल्शियम थोडें अधिक, असें असावें लागतें. म्हणून बाजारांतील औषधी पातळ कॅल्शियम मनास येईल तितकें पाजावें, असें मात्र नव्हे. मोठ्या जातीच्या पिलांस जादा कॅल्शियम दिल्यानें त्यांचीं हाडें वेडींवांकडीं वाढतात, व तीं पिलें जन्माचीं लंगडीं होतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पिलांसाठीं म्हणून तयार केलेलें, समतोल कोरडें अन्न कोमट पाण्यांत भिजवून द्यावें. तें परवडत नसेल तर उकडलेलें बिनहाडाचें कोंबडीचें मांस, काटे काढलेली मासळी किंवा अंडें, त्यांत मऊ भात वा भाकरी व थोडा उकडलेला लाल भोपळा, असें मिश्रण करावें. त्यांत मीठ-मसाला कांहीं घालूं नये, आणि कॅल्शियमची उणीव कशी भरून काढावी हें पशुवैद्यास विचारावें. पिलूं पूर्वीं जें खात असेल तेंच पहिले दोन-तीन दिवस चालूं ठेवून, मग आठवडाभरांत थोडेंथोडें करून नवें अन्न मिसळावें. एकदम पालट केला तर पोट बिघडतें.

पिलाचें पोट लहान, भूक मोठी. तेव्हां दोन ते तीन महिन्यांच्या पिलास दिवसांतून चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां, आणि पुढें दोन वेळां खाऊं घालावें. वेळ व जागा ठरलेली असावी. पंधरा-वीस मिनिटांत जें उरेल तें उचलून घ्यावें; उन्हाळ्यांत भिजलेलें अन्न लवकर आंबतें. खाल्ल्याबरोबर पिलास दौडवूं नये. अन्न पुरतें कीं नाहीं हें पिलाच्या डोळ्यांवरून ठरवूं नये, कारण ते सदाच भुकेले दिसतात. त्याच्या बरगड्यांवरून तळहात फिरवावा. बरगड्या हातास सहज लागाव्या, पण टोंचूं नयेत. आणि वरून पाहतां कंबर किंचित् बारीक दिसावी. दर आठवड्यास वजन करून वहींत लिहून ठेवणें हें काम मुलांनीं आपणांकडे घ्यावें.

आतां मुलांच्या आवडीचा भाग, म्हणजे खाऊ. कुत्र्यांसाठीं निराळें बिस्किट करून विकण्याची कल्पना जेम्स स्प्रॅट नांवाच्या अमेरिकन गृहस्थाची. तो विजेपासून घरांचें रक्षण करणाऱ्या सळया विकण्यास लंडनला गेला होता. गोदीवर खलाशांचीं टाकलेलीं कडक बिस्किटें कुत्रीं आवडीनें खातात, हें पाहून त्यानें १८६० सालच्या सुमारास हा धंदा काढला, असें सांगतात. आज त्याचा विस्तार जगभर झाला आहे. पण खाऊ तो खाऊच, तें जेवण नव्हे. दिवसाच्या एकंदर उष्मांकांपैकीं खाऊचा वांटा दहाव्या भागापेक्षां अधिक नसावा, असा पशुवैद्यांचा दंडक आहे. याचें गणित करून पाहूं. तीन महिन्यांच्या, तीन किलो वजनाच्या पिलास दिवसाकाठीं सुमारें ४५० उष्मांक लागतात. त्याचा दहावा भाग ४५. एका लहान ग्लुकोज बिस्किटांत सुमारें २० उष्मांक असतात. म्हणजे दोन बिस्किटांतच त्या दिवसाचा खाऊ संपला! घरांत चार भावंडें असून प्रत्येकानें दोन-दोन दिलीं, तर पिलाचें तिसऱ्या हिश्शाहून अधिक अन्न मैदा व साखर यांनीं भरलें, मग तें सकस जेवणास तोंड लावीत नाहीं, आणि घरचीं माणसें म्हणतात, "हें फार लाडावलें आहे." याला उपाय असा कीं, दिवसाचा खाऊ सकाळीं एका डबींत काढून ठेवावा, व सर्वांनीं त्यांतूनच द्यावा.

खाऊ हा शिकवणीचें बक्षीस म्हणून दिला तर त्याचें सार्थक होतें. पिलूं हांकेसरशीं आलें, बसलें, किंवा योग्य जागीं मलमूत्र विसर्जन केलें, तर त्याच क्षणीं, एक-दोन सेकंदांच्या आंत, खाऊ द्यावा. उशीर झाला तर कोणत्या कृत्याबद्दल तो मिळाला हें त्यास कळत नाहीं. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे. पिलूं तुकडे मोजतें, त्यांचें माप काढीत नाहीं. उकडलेल्या कोंबडीचे कण, उकडलेल्या अंड्याचे तुकडे, बिनमिठाचें पनीर, उकडलेलें गाजर, रताळें किंवा फरसबी, बिया काढलेलें सफरचंद, पपई वा कलिंगड, हें सर्व थोडेंथोडें चालतें. कडक गाजर वा सफरचंद फार बारीक कापावें, नाहींतर तें घशांत अडकतें.

न देण्याच्या वस्तू मात्र घरांतील प्रत्येकानें पाठ कराव्या. चॉकलेट, चहा व कॉफी हीं पिलाच्या हृदयास व मज्जातंतूंस विषारी आहेत. कांदा व लसूण, कच्चे असोत कीं शिजलेले, रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. म्हणून आमटी, रस्सा व मसाल्याचें मटण वर्ज्य. द्राक्षें, मनुका व बेदाणे यांनीं मूत्रपिंडें निकामी होतात, ही गोष्ट पशुवैद्यांनीं २००१ सालीं प्रथम छापून जाहीर केली. २०२१-२२ सालीं अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं असें सुचविलें कीं, त्यांतील विष बहुधा टार्टारिक आम्ल हें असावें, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांसही तशीच इजा झाल्याचें त्यांस आढळलें. आपल्याकडे चिंच रोजच्या स्वयंपाकांत असते, व शिऱ्यांत बेदाणे असतात. तेव्हां आपण विशेष सावध असावें. बिनसाखरेच्या गोळ्यांत व चघळण्याच्या गमांत झायलिटॉल नांवाचें गोड द्रव्य असतें. त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील साखर झपाट्यानें उतरते. शिजलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या आंतड्यांत शिरतात, व आंब्याची कोय गिळली तर आंतडें तुंबतें. बुरशी आलेली भाकरी वा शेंगदाणे कुत्र्यापुढें टाकणें हें दान नव्हे, तें विष होय. यांपैकीं कांहीं पोटांत गेल्याचें कळतांच, लक्षणांची वाट न पाहतां, पिलास गुरांच्या दवाखान्यांत न्यावें.

पिलास वांत्या, हगवण, शौचावाटे रक्त किंवा एक दिवस अन्नाचा तिटकारा, असें कांहीं दिसलें तरी तसेंच करावें. जंत बहुधा आईपासूनच येतात, म्हणून जंताचें औषध व रोगप्रतिबंधक लशी वेळेवर द्याव्या. पिसाळरोगाची लस सुमारें तीन महिन्यांच्या वयीं देतात. खाऊं घातल्यावर मुलांनीं हात साबणानें धुवावे. लस न टोंचलेल्या पिलानें चावलें वा ओरखडलें, तर तें कितीही लहान असो, जखम साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं माणसांच्या डॉक्टराकडे जावें. आईबाप रागावतील म्हणून ही गोष्ट कोणत्याही मुलानें लपवूं नये, आणि आईबापांनीं ती सांगणाऱ्या मुलावर रागावूं नये.

शुभवर्तमानांत धन्याच्या मेजाखालीं पडलेला चुरा खाणाऱ्या कुत्र्यांचा उल्लेख आहे, तो आपणां सर्वांस ठाऊक आहे. धन्याच्या घरांत कुत्र्यासही वांटा आहे, हें त्यांत गृहीतच धरलेलें दिसतें. तो वांटा त्यास सोसेल असा असावा, हें पाहणें धन्याचें काम. पिलूं आपलें अन्न निवडीत नाहीं; आपण जें देऊं तें तें विश्वासानें खातें. ज्या मुलास पिलासाठीं बिस्किट मागे ठेवून गाजर उकडण्याचा कंटाळा येत नाहीं, त्याच्या हातीं पुढें याहून मोठीं कामेंही निश्चिंतपणें सोंपवितां येतील.