अरुंद रुळांवरील सांधलेली एंजिने

डोंगराळ व विरळ वस्तीच्या प्रदेशात लोहमार्ग घालावयाचा झाला, तर दोन रुळांमधील अंतर कमी ठेवणे सोयीचे असते. मार्गाला तीव्र वळणे देता येतात आणि बोगदे, पूल व भराव यांवरील खर्च वाचतो. दक्षिण आफ्रिकेत ६१० मिलिमीटर मापाचे असे अनेक मार्ग होते. त्यांपैकी पोर्ट एलिझाबेथ ते आव्होंतूर हा २८५ किलोमीटरचा मार्ग १९०६ मध्ये पुरा झाला. त्यावरून लांगक्लूफ खोऱ्यातील फळे बंदराकडे जात. नाताळमधील पोर्ट शेपस्टोन ते हार्डिंग या मार्गावर ऊस व लाकूड यांची वाहतूक चाले.

परंतु या काटकसरीतूनच एक अडचण उभी राहिली. चढावर जड गाडी ओढण्यासाठी मोठे बाष्पित्र हवे. पण हलक्या रुळांना त्याचा भार पेलत नाही आणि लांब, ताठ सांगाड्याचे एंजिन तीव्र वळणावर वळत नाही. दोन एंजिने जोडावीत, तर चालक व आगवाले दुप्पट लागतात.

हर्बर्ट विल्यम गॅरट या इंग्लिश अभियंत्याने ही अडचण सोडविली. त्याच्या रचनेचे पहिले एंजिन मँचेस्टरच्या बायर पीकॉक कंपनीने १९०९ मध्ये टास्मानियासाठी बांधले. दोन भोयांच्या खांद्यांवरील पालखी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे ही रचना सहज समजते. पुढे व मागे चाकांचे एकेक स्वतंत्र गाडे असते. त्यांवर पाणी व कोळसा ठेवलेला असतो. बाष्पित्र या दोहोंच्या मध्ये खिळींवर टेकवितात. वळणावर प्रत्येक गाडे आपापल्या परीने वळते आणि बाष्पित्राचा मध्यभाग वळणाच्या आतील बाजूस सरकतो. त्यामुळे एंजिन स्थिर राहते. बाष्पित्राखाली चाके नसल्याने भट्टी रुंद व खोल करता येते. वाफ लवचिक सांध्यांच्या नळ्यांतून दोन्ही गाड्यांच्या सिलिंडरांत जाते. या रचनेत एक उणीवही आहे. पाणी व कोळसा संपत जाईल तसा चाकांवरील भार घटतो आणि त्यांची रुळांवरील पकड कमी होते.

भारतात दार्जिलिंगच्या लोहमार्गावर १९११ मध्ये असे एक एंजिन आले. दक्षिण आफ्रिकेत मात्र त्यांची परंपराच निर्माण झाली. तेथील ‘एनजीजी १६’ या वर्गाची ३४ एंजिने १९३७ ते १९६८ या काळात बांधली गेली. सुमारे ६० टनांचा भार दहा आसांवर विभागला गेल्याने हलके रूळही तो सोसू शकत.

पुढे रस्त्यावरील मालमोटारींनी ही वाहतूक हिरावून घेतली. १९८६ मध्ये बंद झालेला हार्डिंगचा मार्ग १९८८ मध्ये एका खासगी कंपनीने पुन्हा चालू केला. कोळसा वाचावा म्हणून दोन एंजिनांच्या भट्ट्यांत सुधारणाही करण्यात आली. पण अखेर तो मार्गही टिकला नाही. या वर्गातील काही एंजिने वेल्समधील पर्यटक-मार्गावर नेण्यात आली. एंजिन समर्थ असले, तरी मालाची वाट बदलल्यावर लोहमार्ग टिकत नाही, हेच यावरून दिसून येते.